हरणारा खेळाडू घड्याळ चालू ठेवून निघून जातो तेव्हा

सप्रेम नमस्कार,

मी मिरजेत एका सहकारी बँकेत नोकरी करतो. शाळेत असताना आंतरशालेय स्पर्धांमध्ये बुद्धिबळ खेळत असे, पुढे नोकरी-संसारात पट माळ्यावर गेला. टाळेबंदीच्या काळात मोबाइलवर पुन्हा खेळायला लागलो आणि आता रात्री जेवणानंतर दहा-दहा मिनिटांचे दोन-तीन डाव खेळल्याशिवाय चैन पडत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र या खेळाचा मनस्तापच जास्त होतो आहे. समोरच्याचा वजीर पडला किंवा मात दोन चालींवर आली की तो डाव सोडत नाही, चालही करत नाही, नुसता गप्प बसतो. त्याच्या घड्याळात सहा-सात मिनिटे उरलेली असतात आणि ती संपेपर्यंत मी स्क्रीनकडे पाहत बसतो. काही जण सरळ नेट बंद करून निघून जातात. एकदा मी कंटाळून आतल्या खोलीत गेलो, तेवढ्यात समोरच्याने अगदी शेवटच्या सेकंदांत चाल केली आणि माझी वेळ संपून हातातला डाव गेला. चॅटवर शिव्याही खाल्ल्या आहेत. तक्रार केली तर पुढे काय झाले ते कळत नाही.

खरी लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. परवा मी हरत होतो आणि रागाच्या भरात मीही मोबाइल पालथा ठेवून दिला. शेजारी बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, तुमची चाल आहे ना?” मला उत्तर देता आले नाही. आता तीही याच साइटवर खेळायचे म्हणते आहे. अशा लोकांशी कसे वागावे? मी हे खेळणे सोडून द्यावे का? आणि मुलीला खेळू द्यावे का?

— एक वाचक, मिरज

नमस्कार,

सहा-सात मिनिटांसाठी एवढा मनस्ताप का होतो, हा प्रश्न तुम्हाला स्वतःलाही पडला असेल, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. पटावर समोरासमोर खेळताना हरणारा खेळाडू घड्याळ थांबवतो, हात पुढे करतो आणि स्पर्धा असेल तर दोघेही एकमेकांच्या चालींच्या नोंदपत्रकावर सही करतात. त्या हस्तांदोलनात हरणाऱ्याची कबुली असते आणि जिंकणाऱ्याला त्याच्या खेळाची पावती मिळते. मोबाइलवर यातले काहीही होत नाही. तुम्ही चाळीस चाली विचार करून खेळता, समोरच्याला कोंडीत पकडता आणि नेमक्या त्या क्षणी तो माणूस पाठ फिरवतो. तुम्हाला त्या मिनिटांपेक्षा ती कबुली हवी असते आणि ती मिळत नाही म्हणून चीड येते. अनोळखी माणसाकडून ती मिळण्याची अपेक्षा सोडून द्या, असे मी तुम्हाला स्पष्टच सांगेन. डावाचा निकाल साइट नोंदवते, सगळ्या चाली तिथे जपून ठेवल्या जातात आणि त्या डावात तुम्ही काय चांगले खेळलात हे पाहायला समोरच्याची सही लागत नाही.

आता कोणत्या वागण्याला अखिलाडूवृत्ती म्हणायचे आणि कोणत्या नाही, हे नीट ठरवून घ्यायला हवे, कारण रागाच्या भरात या दोन्हींची सरमिसळ होते आणि मग प्रत्येक प्रतिस्पर्धी आपल्याला छळायला बसला आहे असे वाटू लागते. हरत असूनही डाव न सोडणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. समोरचा चूक करेल, राजाला शह नाही आणि करता येण्यासारखी एकही चाल उरलेली नाही अशी स्टेलमेटची स्थिती येऊन अर्धा गुण मिळेल, या आशेने शेवटपर्यंत झुंजणारा माणूस खेळाचा अपमान करत नाही. घड्याळात कमी वेळ असलेल्याला भराभर चाली करून वेळेवर हरवणे यातही काही गैर नाही, कारण घड्याळ हा डावाचा भागच आहे. डाव संपल्यावर पुन्हा खेळायला नकार देणे किंवा चॅटला उत्तर न देणे हेसुद्धा गैर नाही. अवघड स्थितीत कोणी तीन मिनिटे विचार केला तर तो त्याचा वेळ आहे, आणि तो विचार करतो आहे की रुसून बसला आहे हे तुम्हाला इकडून कळणार नाही. पण मात समोर दिसत असताना, करण्यासारखी एकच चाल उरलेली असताना, केवळ समोरच्याला ताटकळत ठेवण्यासाठी घड्याळ चालू देणे, मुद्दाम नेट तोडणे, हवा तो रंग किंवा हवा तो प्रतिस्पर्धी मिळाला नाही म्हणून पहिल्या चालीआधीच डाव वारंवार रद्द करणे, दर दोन चालींनी बरोबरीचा प्रस्ताव पाठवत राहणे आणि चॅटवर शिव्या देणे, हे सगळे गैरच आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे फिडेच्या नियमावलीतील ११.५ हे कलम प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे विचलित करण्यास किंवा त्रास देण्यास स्पष्ट मनाई करते आणि बरोबरीचे अवाजवी प्रस्तावही त्यात मोडतात. स्पर्धेच्या सभागृहात असे कोणी वागला तर पंच येऊन उभा राहतो. तुमच्या मोबाइलवर पंच नाही, म्हणून काही काम साइटने आणि काही तुम्ही करायचे आहे.

नेट तुटण्याच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला अधिक संयम ठेवायला सांगेन. आपल्याकडे वीज गेली की राउटर बंद पडतो, फोन आला की खेळाचे अॅप मागे जाते, गाडी घाटात किंवा बोगद्यात शिरली की रेंज जाते. यातला प्रत्येक माणूस तुमच्या स्क्रीनवर ‘प्रतिस्पर्धी डाव सोडून गेला’ असाच दिसतो. हेतू कळायला मार्ग नसताना हेतूचा आरोप करू नये हे जगातल्या उत्तम खेळाडूंनाही शिकावे लागले आहे. २०२० साली करोनामुळे बुद्धिबळ ऑलिम्पियाड पटावर होऊ शकले नाही, तेव्हा फिडेने ते ऑनलाइन घेतले. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, जी तेव्हा चौदा वर्षांची होती. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हायक मार्तिरोस्यानचा भारताच्या निहाल सरीनविरुद्धच्या डावात संपर्क तुटला आणि तो डाव हरला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि तो संघ पुढच्या लढतीला उतरलाच नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३० ऑगस्ट रोजी, रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत जगभर इंटरनेट विस्कळीत झाले आणि दुसऱ्या फेरीत निहाल आणि दिव्या या दोघांचाही संपर्क तुटून ते वेळेवर हरले. या वेळी भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त विजेते जाहीर केले. म्हणजे एकाच स्पर्धेत, तीन दिवसांच्या आत, भारत एकदा तुटलेल्या संपर्काचा लाभ घेणारा होता आणि एकदा त्याचा फटका बसलेला. ज्याचे नेट गेले त्याला लबाड म्हणण्यापूर्वी मला हे नेहमी आठवते, कारण आपणही कधीतरी त्या बाजूला असणारच असतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये एका ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चीनच्या डिंग लिरेनचा संपर्क तुटला आणि तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याला तो डाव आयता मिळाला. पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीच्या काही चालींतच जाणूनबुजून वजीर देऊन टाकला आणि डाव सोडून दिला. त्याला तसे करायला कोणी सांगितले नव्हते आणि नियमही तसे सांगत नव्हता. तुम्ही रोज रात्री असे औदार्य दाखवावे अशी माझी अपेक्षा नाही, पण लिचेससारख्या साइटवर तशी एक छोटी सोय तुमच्याही हाताशी आहे. प्रतिस्पर्धी खरोखर गेला आहे असे साइटला दिसले की उलटी मोजणी सुरू होते आणि ती संपल्यावर तुम्हाला विजय घ्यायचा, बरोबरी मान्य करायची की थांबायचे, हे निवडता येते. समोरच्याची स्थिती चांगली असताना तो अचानक दिसेनासा झाला असेल, तर बहुधा त्याची वीजच गेली असेल. जिंकत असलेला माणूस रागावून निघून जात नाही. अशा वेळी बरोबरी निवडली तर मला तुमचा आदरच वाटेल. तो परत आला आणि त्याच्या घड्याळात अगदी थोडाच वेळ उरला असेल, तर लिचेसवर एका बटणाने त्याला पंधरा सेकंद देताही येतात. आणि तुमच्या घरी वीज जायची वेळ ठाऊक असेल तर त्या वेळेला मोठा डाव सुरूच करू नका.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे येतो, म्हणजे नेट चालू ठेवून नुसता गप्प बसणाऱ्याकडे. हा माणूस साइटच्या उलट्या मोजणीत सापडत नाही, कारण तो तांत्रिकदृष्ट्या हजर असतो. त्याच्या मनात बहुतेक दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर तो नुसता चिडलेला असतो, किंवा त्याला तुमच्या बाबतीत जे घडले तेच घडवायचे असते: तुम्ही कंटाळून उठून जावे, त्याने शेवटच्या क्षणी चाल करावी, आणि तुमचे घड्याळ चालू झालेले तुम्हाला कळू नये. असे समजा की तुमच्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी आहेत, त्याच्याकडे राजा आणि काठाचे एकच प्यादे आहे. तुमच्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद, त्याच्या घड्याळात पावणेसहा मिनिटे. तो थांबतो. पाच मिनिटे काही होत नाही. तुम्ही दिवा बंद करायला उठता, वाटेत कोणाशी तरी बोलता, तेवढ्यात वीस सेकंद उरले असताना त्याने राजा एक घर हलवलेला असतो. तुम्ही परत येता तेव्हा तुमचा एक मिनिट दहा सेकंदांचा वेळ संपलेला असतो आणि पटावर त्याचे ते एक प्यादे असल्यामुळे डाव त्याच्या नावावर जातो.

या प्रसंगात तुम्हाला करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही अगदी साध्या आहेत. पहिली म्हणजे खेळाचा आवाज चालू ठेवा आणि मोबाइल हातातच ठेवा. चालीचा आवाज झाला की तुम्हाला कळेल, आणि तोवर स्क्रीनकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही. त्या पाच मिनिटांत वर्तमानपत्र वाचा, मुलीशी बोला, याच डावाची सुरुवात मनात पुन्हा खेळून पाहा. दुसरी गोष्ट खेळाच्या नियमातून येते आणि ती फार कमी हौशी खेळाडूंच्या लक्षात असते. तुमची वेळ संपली, पण समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल, तर तो तुम्हाला कोणत्याही प्रकारे मात देऊ शकत नाही, आणि म्हणून डाव बरोबरीत सुटतो. तेव्हा जिंकत असलेल्या स्थितीत, वेळ कमी असताना आणि समोरच्याचे वागणे संशयास्पद वाटत असताना, मात शोधत बसण्याआधी त्याचे शेवटचे प्यादे मारून टाका. त्यानंतर त्याने काहीही केले तरी तुम्ही हरू शकत नाही. प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याने चाल करताच आपोआप खेळली जाणारी आगाऊ चाल, अशा वेळी लावून ठेवण्याचा मोह होतो. पण तो नेमका तुम्हाला नको असलेली चाल करू शकतो आणि तुमचा हत्ती फुकट जाऊ शकतो. कोणत्याही उत्तराला चालेल अशी सुरक्षित चाल असेल तरच ती लावा.

याहून जास्त उपयोग मात्र डाव सुरू करण्याआधीच्या एका निर्णयाचा होतो. गप्प बसणारा माणूस तुमचा जास्तीत जास्त किती वेळ खाऊ शकतो, तर त्याच्या घड्याळात उरला आहे तेवढाच. दहा मिनिटांच्या डावात बाराव्या चालीला वजीर गमावणाऱ्याकडे अजून सात-आठ मिनिटे असतात. तीन मिनिटे आणि दर चालीला दोन सेकंद अशा डावात त्याच स्थितीत दोन-अडीच मिनिटे असतात. रात्री थकून आलात आणि मन शांत नसेल, तर लहान डाव घ्या. दहा मिनिटांचाच हवा असेल तर दर चालीला पाच सेकंद वाढवून मिळतील असा घ्या, म्हणजे तो शेवटच्या क्षणी परत आला तरी प्रत्येक चालीबरोबर तुमच्या घड्याळात भर पडेल आणि जिंकलेला डाव वेळेअभावी जाणार नाही. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करून बसा: दहा मिनिटांचा डाव स्वीकारला म्हणजे तुम्ही वीस मिनिटे त्या डावाला दिलेली आहेत. अकरा वाजता झोपायचे असेल तर पावणेअकराला डाव सुरू करू नका. समोरच्याचा वेळ त्याने कसाही वापरला तरी तुमची झोप मोडणार नाही अशी सोय आधीच केलेली असली की त्या गप्प बसण्याची बरीचशी धार बोथट होते, हा माझा अनुभव आहे.

तक्रारीचे काय होते, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. चेस डॉट कॉम आणि लिचेस या दोन्ही साइटवर वेळ काढणे, डाव मध्येच सोडून जाणे आणि वारंवार डाव रद्द करणे हे नियमाविरुद्ध आहे आणि अशा खात्यांवर कारवाई होते. लिचेसवर यातले बरेचसे काम यंत्रच करते: आधी इशारा येतो, मग काही मिनिटे नवा डाव खेळता येत नाही, आणि सवय सुटली नाही तर ही मुदत वाढत जाते. ही कारवाई तुम्हाला कळवली जाईलच असे नाही, म्हणून तक्रार वाया गेली असे समजू नका. एका डावावरून कोणाला शिक्षा होऊ नये हेही योग्यच आहे. दहा डावांत दहादा नेट तुटणारा माणूस आणि वर्षातून एकदा नेट तुटणारा माणूस यांतला फरक साइटला दिसतो, तुम्हाला दिसत नाही. तेव्हा जे स्पष्ट आहे तेवढ्याचीच तक्रार करा, डावाचा दुवा द्या, एका वाक्यात काय झाले ते लिहा, त्या माणसाला ब्लॉक करा आणि ते प्रकरण तिथेच सोडा. ब्लॉक करणे म्हणजे भित्रेपणा आहे असे काही जणांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्याच्यासोबत बसायचे नाही त्याच्यासोबत न बसण्याचा हक्क प्रत्येकाला असतो.

चॅटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार विचार करण्यासारखे काही नाही. सेटिंगमध्ये जाऊन चॅट बंद करून टाका. शिवीला उत्तर देऊ नका, उपदेशही करू नका. ‘थोडी तरी लाज बाळगा’ असे लिहिल्याने आजवर कोणी लाज बाळगल्याचे मी पाहिलेले नाही. उलट तुमच्या एका वाक्याने त्याला हवा होता तो प्रतिसाद मिळतो आणि पुढच्या माणसालाही तो तेच करतो. आणि रागात तुम्ही काही वावगे लिहून गेलात तर तक्रार तुमच्याविरुद्धही होऊ शकते.

आता ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटली तिच्याबद्दल. तुम्ही मोबाइल पालथा ठेवलात तेव्हा समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत तुम्ही तेच केलेत ज्याने तुमच्या रात्री खराब केल्या आहेत, आणि त्या माणसाने तर तुम्हाला कधी त्रास दिलेला नव्हता. कदाचित तोही कोणत्या तरी गावात दिवसभर काम करून एक डाव खेळायला बसला असेल. ‘सगळेच असे करतात’ ही समजूत अशीच पसरते: ज्याला त्रास झाला तो पुढच्याला त्रास देतो, आणि त्या पुढच्याला हा माणूस असा का वागतो हे कळत नाही. तुम्हाला लाज वाटली हे चांगलेच झाले, पण ती मनात घोळवत बसण्याची गरज नाही. यापुढे हरताना तीनच मार्ग तुमच्यासमोर ठेवा: झुंजायचे असेल तर खेळत राहा, आशा नसेल तर डाव सोडा, आणि मात एका चालीवर असेल तर समोरच्याला ती देऊ द्या. शेवटचा मार्ग मला स्वतःला फार आवडतो. ज्याने सुंदर मात रचली आहे त्याला ती पटावर पूर्ण करू देणे हा मोठा सौजन्याचा भाग आहे आणि त्याला एक सेकंदही लागत नाही. राग इतका असेल की तिन्हींपैकी काहीच करवत नाही, तर डाव सोडा आणि त्या रात्री पुढचा डाव लावू नका. लागोपाठ हरल्यावर चिडून लगेच पुढचा डाव लावणे, हेच बहुतेकांच्या वाईट वागण्याचे मूळ असते. दोन डाव सलग गेले की उठायचे, असा नियम स्वतःला घालून घेतलात तर रेटिंगही सांभाळले जाईल आणि स्वभावही.

खेळणे सोडून द्यावे का, याचे उत्तर नाही असे आहे. सोडायचेच असेल तर अनोळखी माणसांशी खेळायचे आणि त्यावर रात्रभर चिडायचे, एवढेच सोडा. तुम्हाला संथ, विचाराचा खेळ आवडतो हे पत्रावरून दिसते. त्यासाठी ऑनलाइनही चांगल्या जागा आहेत. लिचेसवर ‘४५४५’ नावाची एक सांघिक लीग चालते, तिच्यात प्रत्येकाला पंचेचाळीस मिनिटे आणि दर चालीला पंचेचाळीस सेकंद मिळतात. दोन खेळाडू आधी वेळ ठरवून बसतात, संघातले सोबती डाव पाहतात आणि तिथे कोणी असे घड्याळ चालू ठेवून निघून जात नाही, कारण त्याला पुढच्या आठवड्यातही त्याच लोकांत वावरायचे असते. तुम्ही तर मिरजेत राहता. शेजारच्या सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभी केलेली बुद्धिबळाची परंपरा आहे, भाग्यश्री ठिपसे यांच्यासारखी खेळाडू त्याच शहरातून पुढे आली. रविवारी एखादा डाव खऱ्या पटावर खेळा. ज्याला हात मिळवून डाव संपवण्याची सवय राहते, त्याला मोबाइलवरचा उद्धटपणा इतका खोल लागत नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला जरूर खेळू द्या, पण तुमच्याच खात्यावर आणि तुमच्याच साइटवर मोकळे सोडू नका. लिचेसवर ‘किड मोड’ अशी सोय आहे, ती चालू केली की चॅट, निरोप असा अनोळखी माणसांशी बोलण्याचा सगळा व्यवहार बंद होतो आणि फक्त खेळ उरतो. चेस डॉट कॉमने मुलांसाठी चेसकिड ही वेगळी साइट चालवली आहे. तिचे खाते वेगळे काढा, नावात तिचे खरे नाव, शाळा किंवा गाव येऊ देऊ नका, आणि पहिले काही आठवडे ती खेळत असताना त्याच खोलीत बसा. समोरचा गप्प बसला तर काय करायचे, हे तिला आधीच सांगून ठेवा: आवाज चालू ठेवायचा, त्याच्या शेवटच्या प्याद्याकडे लक्ष ठेवायचे, आणि तोपर्यंत पुस्तक वाचायचे. तिने तुम्हाला विचारलेला प्रश्न अजून अनुत्तरित आहे, तेही उत्तर देऊन टाका. “हो, माझीच चाल होती, मला हरण्याचा राग आला होता म्हणून मी ती केली नाही आणि ते चुकीचे होते,” एवढे अकरा वर्षांच्या मुलीला पुरेसे समजते. त्यानंतर तिच्यासमोर एक डाव हरा आणि हरताना स्वतःहून तो सोडा, मग ती तिच्या पहिल्या डावाला बसू दे.